ठोक्यांचा हिशेब

मठार म्हणजे तांब्याच्या भांड्यावरची शोभा, असा समज ज्यांनी ही भांडी प्रथम दुकानाच्या काचेमागे पाहिली त्यांचा होणे स्वाभाविक आहे. कारण हल्ली लोटा घ्या, फुलदाणी घ्या, की जेवणाच्या टेबलावरचा पाण्याचा जग घ्या, त्याच्या अंगावर ओळीने बसलेले ते चपटे, लकाकणारे ठसे हीच त्याची किंमत ठरवणारी गोष्ट होऊन बसली आहे. परंतु पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत जेव्हा बंब, घंगाळी, हंडे आणि तपेली यांखेरीज दुसरे फारसे काही घडत नव्हते, तेव्हा मठार हा शोभेचा मामला नव्हताच. भट्टीत लाल करून मऊ केलेला तांब्याचा पत्रा आकारास आणला, तरी तो इतका लवचीक राहतो की पाण्याने भरलेले घंगाळ दोघांनी दोन कड्या धरून उचलले असता त्याच्या काठास बाक यावा. त्यास ताठपणा आणायचा तर आतून लोखंडाचा आधार देऊन, बाहेरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने, बोटभर जागाही न वगळता त्याचे सर्वांग ठोकून काढावे लागते. आणि त्या ठोकण्याची जी खूण मागे उरते तिला आपण नक्षी म्हणतो.

ठोकल्याने तांबे कठीण होते ही गोष्ट तांबटाच्या हातास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. ते का होते, ह्याचे उत्तर शास्त्रास १९३४ साली मिळाले. धातूच्या स्फटिकांतील अणूंच्या रांगा सर्वत्र निर्दोष नसतात, त्यांत मध्येच तुटलेल्या रांगा असतात, ह्या तुटक रांगा सरकतात म्हणून धातू वाकतो, आणि ठोकून ठोकून त्यांची संख्या वाढली व त्या एकमेकींत अडकल्या की त्यांचे सरकणे थांबून धातू ताठ होतो, अशी उपपत्ती त्या एकाच वर्षी जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडली. ह्यांपैकी पोलान्यींचे नाव पुढे एका निराळ्याच विषयात गाजले. रसायनशास्त्र सोडून ते तत्त्वज्ञानाकडे वळले आणि १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की कुशल माणसास जे कळते त्यातील पुष्कळसे त्यास स्वतःलाही शब्दांत मांडता येत नाही, आणि तरीही ते ज्ञानच असते. ठोक्याखाली धातूत काय घडते व ठोका मारणाऱ्याच्या ठायी कोणत्या जातीचे ज्ञान असते, ह्या दोन्ही प्रश्नांना एकाच बुद्धीने हात घालावा हा योगायोग विलक्षण आहे. प्रस्तुत लेखाचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी आहे. कारण आता संगणक तांबटाच्या आणि बिदरीवाल्याच्या नक्षीची वाटेल तितकी नवी रूपे क्षणार्धात काढून देऊ लागला आहे, आणि त्याने नेमके काय उचलले व काय मागेच ठेवले, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

तांबट आळीचा इतिहास पेशवाईपासून सुरू होतो. कोकणातून आलेले त्वष्टा कासार समाजाचे कारागीर येथे वसले. इंद्राचे वज्र घडवणाऱ्या वैदिक त्वष्ट्याशी ते आपले कूळ जोडतात, आणि सरकारच्या तोफा व नाणी ह्यांच्या कामीही आपल्या पूर्वजांचे हात लागले होते असे सांगतात. पुढे राज्य गेले, टांकसाळ गेली, तरी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ही दोन खाती तांबटाकडे शाबूत राहिली. ती गेली स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि गॅसचा गिझर आल्यावर. बंब माळ्यावर गेला व तेथून मोडीत गेला. त्यानंतर वारसा जतन करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या पुणे शाखेने व तिच्या पाठोपाठ काही संकल्पकांनी ह्या कारागिरांशी बोलून मठाराच्या नव्या वस्तू बाजारात आणल्या, तेव्हा कोठे हा धंदा पुन्हा मान वर काढू लागला. पंजाबात जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या पितळ-तांब्याच्या कामास युनेस्कोने २०१४ साली अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आमच्या आळीच्या वाट्यास तसली सनद आली नाही, आणि आळीचे त्यावाचून फारसे अडलेले आहे असेही दिसत नाही.

आता संगणकाच्या बाजूकडे वळू. जनरेटिव्ह कला या नावाने जी ओळखली जाते तिचा गाभा एवढाच की कलावंत चित्र काढत नाही. चित्र ज्यातून उपजावे असा नियम लिहितो, आणि नियम पाळण्याचे काम दुसऱ्यावर सोपवतो. ठिपक्यांची रांगोळी जिने घातली आहे तिला हे समजावून सांगावे लागत नाही: पंधरा ते आठ ठिपके, रेघ ठिपक्याला वळसा घालून जाईल, कोठेही तुटणार नाही, एवढे ठरले की पुढची आकृती कोणाच्याही हातून निघते. १९६५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील स्टुटगार्ट येथे, तत्त्वज्ञ माक्स बेन्स यांच्या आश्रयाखाली, गेऑर्ग नेस या गणितज्ञाने संगणकाकडून काढून घेतलेल्या रेखाकृतींचे प्रदर्शन भरवले तेव्हा जमलेले चित्रकार इतके संतापले की बेन्स यांना ही ‘कृत्रिम कला’ आहे असे सांगून त्यांचे समाधान करावे लागले. ह्याच नेसचे ‘शॉटर’, म्हणजे खडी, ह्या नावाचे एक चित्र आहे. त्यात बारा बारा चौकोनांच्या बावीस ओळी आहेत. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या, आणि खाली उतरावे तसतसा चौकोनांचा तोल सुटत सुटत अखेर सगळी रचना खडीच्या ढिगासारखी विस्कटलेली. वेरा मोल्नार ह्या बुडापेस्टात जन्मलेल्या व पॅरिसमध्ये राहिलेल्या चित्रकर्तीने तर १९५९ पासून, संगणक हाती नसतानाच, मनातल्या मनात एक यंत्र कल्पून त्याच्या आज्ञा स्वतःच्या हाताने पाळण्याचा क्रम ठेवला होता. खरा संगणक तिला १९६८ साली मिळाला. कडेकोट व्यवस्थेत एखाद टक्का अव्यवस्था मिसळली म्हणजे चित्रात जीव येतो, हा तिच्या आयुष्यभराच्या कामाचा सिद्धांत होता. शंभर वर्षे पूर्ण करण्याच्या बेतात असताना, २०२३ च्या डिसेंबरात, ती निवर्तली. (ओरोवान आणि पोलान्यी हेही बुडापेस्टचेच, आणि पुढे ज्याचे नाव येणार आहे तो लिंडेनमायरही. एका शहराने एवढी माणसे एका विषयास पुरवावीत, हे त्या शहराच्या पाण्याचे काही असेल तर असो.)

कल्पित यंत्राच्या आज्ञा हाताने पाळणारी मोल्नार आणि आळीत पाट मांडून बसलेला तांबट ह्यांत अंतर फारसे नाही, असे मला वाटू लागले ते आमच्या नात्यातील एका मुलीमुळे. ती संगणकशास्त्र शिकलेली असून अशा कलेच्या नादी लागली आहे. तिने मठाराचा प्रोग्रॅम लिहावयास घेतला आणि त्याचे कागदावर काढलेले नमुने दाखवण्याकरिता आम्ही आळीतल्या एका वयोवृद्ध कारागिराकडे जाऊ लागलो. त्यांना सगळे काकाच म्हणतात. थाळीच्या मध्यबिंदूपासून आरंभ करून बाहेर बाहेर वाढत जाणारी वर्तुळे, प्रत्येक वर्तुळावर त्याच्या परिघाच्या मानाने ठसे, आणि भिंतीतील विटांचे सांधे जसे एकावर एक येऊ देत नाहीत तसा प्रत्येक ठसा खालच्या दोन ठशांच्या मधोमध, असा तिचा पहिला नियम होता. काकांनी कागद हातभर लांब धरला.

“हे छापाचं आहे. प्रेसमधून काढलेलं.”

छाप्याच्या यंत्रात पत्रा दाबून मठाराचा भास आणलेली भांडी बाजारात मिळतात. त्यांना आळीत काय मान आहे हे त्यांच्या स्वरावरून कळत होते. मग तिने मोल्नारबाईंचा मार्ग धरला. प्रत्येक ठशाची जागा, आकार आणि कल ह्यांत यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने किंचित फरक पाडला. मला तो नमुना अगदी हातचा वाटला होता. काकांनी तो पाहिला व ते हसले.

“काका, हा नवीन पोरानं ठोकल्यासारखा दिसतोय का?”

“नवीन पोरगा असा चुकत नाही, ताई. तो चुकला तर एका बाजूला चुकत जातो. हा सगळीकडं चुकलाय.”

ह्या एका वाक्यात जेवढे गणित होते तेवढे मला पुष्कळ पुस्तकांत मिळाले नसते. संगणकाने उत्पन्न केलेली यदृच्छा ही विस्मरणशील असते. एक ठसा डावीकडे सरकला ह्याची वार्ता पुढच्या ठशास नसते. माणसाच्या हाताची चूक स्मरणशील असते. हातोडी किंचित तिरपी पडू लागली की ती तशीच पडत राहते, ओळ हळूहळू चढू लागते, आणि मग कारागिराच्या लक्षात आले की तो पुढील ओळीत ती चढण भरून काढतो; म्हणजे प्रत्येक ओळ ही मागील ओळीची वाचक आणि दुरुस्तीकार असते. मठाराकडे पाहून जो सजीवपणा जाणवतो तो अनियमिततेचा नाही. तो चुकीचा आणि तिच्या निवारणाचा एक लांबलचक पत्रव्यवहार आहे, आणि त्याचे दप्तर भांड्याच्या अंगावर उघडे पडलेले असते. मुलीने प्रोग्रॅम बदलला: आता प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याकडून आपला कल घेतो, आणि प्रत्येक ओळ खालच्या ओळीची पातळी मोजून थोडी, पण पूर्ण नव्हे, अशी दुरुस्ती करते. तो कागद पाहिल्यावर काका काही बोलले नाहीत, त्यांनी तो शेजारी बसलेल्या मुलाकडे दिला, आणि मुलाने विचारले, “हे कुणी ठोकलंय?”

येथे प्रकरण मिटले असते, परंतु थाळी सपाट असते आणि कळशी नसते. गोल पोटावर मठार करताना जी अडचण येते ती कोणत्याही कारागिरीच्या आवाक्याबाहेरची आहे, कारण ती भूमितीची अडचण आहे. सपाट पृष्ठभागावर ठसे षट्कोनी घरांच्या रचनेत अनंतापर्यंत मांडता येतात. गोलावर तसे करता येत नाही. निव्वळ षट्कोनांनी पूर्ण गोल मढवता येत नाही, त्यांत नेमके बारा पंचकोन घालावेच लागतात, हे ऑयलरच्या सूत्रावरून निघते आणि शिवणीच्या फुटबॉलवर कोणासही मोजून पाहता येते. तांबटाच्या पुढे तीच गोष्ट निराळ्या वेषात उभी राहते. कळशीच्या पोटाच्या सर्वांत रुंद भागी एका ओळीत जितके ठसे मावतात तितके मानेजवळ मावणे शक्य नाही. तेव्हा वर जाता जाता एक तर ठसे बारीक करत न्यावे लागतात, किंवा अधूनमधून एखादा ठसा गिळावा लागतो. काका दोन्ही करतात. गिळलेला ठसा कोठे आहे हे मी पुष्कळ वेळ शोधले. तो त्यांनी बोट ठेवून दाखवला तेव्हा दिसला. दोन ठशांच्या मधल्या जागी तिसरा यायचा तो न येता, दोन्ही शेजारी किंचित फुगून ती जागा व्यापून बसले होते, आणि ह्या फुगण्यासाठी हातोडी तेथे जरा जोराने व जरा आडवी पडलेली होती. स्फटिकातील तुटलेली रांग म्हणून धातुशास्त्रज्ञ जे चित्र काढतात ते ह्याहून निराळे नाही. एका ठिकाणी रांग संपते आणि शेजारच्या रांगा ती उणीव वाटून घेतात.

आणखी एक गोष्ट कागदावर उतरलीच नाही, ती म्हणजे आवाज. भांडे आतल्या आधारावर बरोबर टेकलेले असेल तर ठोक्याचा नाद भरीव व आखूड येतो. मध्ये केसभर पोकळी राहिली तर तो बोदा येतो आणि तेथे पत्र्यास खळगा पडतो. काका ठशाकडे पाहतात त्याहून अधिक त्या नादाकडे कान देतात, व पुढचा ठोका मारण्याआधी डाव्या हाताने भांडे रेसभर फिरवतात. अर्थात मठाराचा नियम जर लिहून ठेवायचा असेल तर तो छायाचित्रांवरून लिहिता येणार नाही. हातोडीस एखादे लहानसे संवेदक जोडून ठोक्यांचा क्रम, त्यांतील अंतर, जोर आणि नाद ह्यांची नोंद करावी लागेल. हे काम अवघड नाही, त्यास लागणारी उपकरणेही आता स्वस्त आहेत. कारागिराच्या हातातील साधी मोबाईलची ध्वनिमुद्रणेदेखील आरंभास पुरतील.

ह्याउलट, हल्ली ज्यास कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रकला म्हणतात तिची सगळी भिस्त छायाचित्रांवर आहे. २०१४ साली इयन गुडफेलो व त्याच्या सहकाऱ्यांनी दोन यंत्रजाले एकमेकांविरुद्ध झुंजवण्याची युक्ती काढली. एक जाल चित्रे बनवणार आणि दुसरे ती खरी की खोटी हे ओळखणार. पुढे मजकूर लिहून चित्र मागण्याची सोय झाली, आणि त्याकरिता मोठमोठे चित्रसंग्रह तयार झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या लायन-५बी या संग्रहात ५८५ कोटी चित्रे व त्यांच्या मजकुराच्या जोड्या इंटरनेटवरून वेचून नोंदवलेल्या आहेत. आपल्या देशात ह्या कलेचे पहिले मोठे दालनप्रदर्शन दिल्लीच्या नेचर मॉर्ट कलादालनात २०१८ साली ‘ग्रेडियंट डिसेंट’ या नावाने भरले होते. अशा यंत्राकडे बिदरीची सुरई मागितली तर ते काळीभोर, रुपेरी वेलींनी भरलेली, मोठी देखणी सुरई देते. ती पाहून बिदरचा कारागीर काय म्हणेल हे कळण्यासाठी बिदरी कशी होते ते ठाऊक असावे लागते.

बिदर मराठी माणसास परके नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची रसद विठू महाराने ज्या बादशहाच्या दरबारी भरली अशी आख्यायिका आहे तो बेदरचाच. आणि पूर्वीच्या निजामी राज्यातील बिदर जिल्हा १९५६ साली फुटला तेव्हा उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे त्याचे तालुके इकडे आले. बहामनी आणि त्यामागून आलेल्या बरीदशाही सुलतानांची ही राजधानी. तेथील किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या पाषाणात शिंपल्याचे तुकडे जडवून काढलेली नक्षी आहे; काळ्यात पांढरे बसवण्याची ही रुची त्या गावाच्या अंगी किती मुरलेली आहे हे ती पाहून समजते. बिदरीचा धातू मात्र चांदीही नव्हे आणि लोखंडही नव्हे. सुमारे सोळा भाग जस्त व एक भाग तांबे वितळवून तो मातीच्या साच्यात ओततात, कानशीने घासून साफ करतात, आणि मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरता काळा करून त्यावर टोकदार सुईने नक्षी रेखतात. मग ती रेघ छिन्नीने खणून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवायची, ही तारकशी. आणि जेथे पाकळी किंवा पान भरीव हवे तेथे जागा खरवडून चांदीचा पातळ पत्रा बसवायचा, हे तहनिशान. अखेर वस्तू किंचित गरम करून नवसागर (कल्हईवाला वापरतो तोच) आणि किल्ल्यातल्या ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती ह्यांच्या लगद्याने चोळली की जस्ताचे अंग कायमचे काळे पडते व चांदी तशीच लखलखीत राहते. काळा रंग बाहेरून दिलेला नाही, तो धातूचाच झालेला आहे.

आता यंत्राने दिलेल्या सुरईकडे पाहावे. तिच्यावरील वेलीची रेघ देठाशी जाड, वळणावर बारीक, टोकाशी केसासारखी होत जाते; कुंचल्याने काढावी तशी. पण तार तशी होत नाही. तार छिद्रपट्टीतून ओढून काढलेली असते, तिची जाडी सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच असते, आणि बिदरीच्या वेलीचे सारे सौंदर्य ह्या एकाच जाडीच्या रेघेने वळणे घ्यावीत, तुटावे, पुन्हा उगवावे ह्यात आहे. जाडी हवी असेल तर तार सोडून पत्रा घ्यावा लागतो, म्हणजे वेगळे काम, वेगळी छिन्नी, आणि वेगळी मजुरी. यंत्राने लक्षावधी चित्रांतून काळ्यावर पांढरी वेल हा आभास शिकला. रेघ म्हणजे तार, हे त्यास कोणी सांगितले नाही, आणि चित्रातून ते दिसतही नाही. येथे नियम लिहिणारी जुनी शाखाच अधिक उपयोगी पडते. आरिस्टिड लिंडेनमायर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६८ साली झाडांच्या वाढीचे वर्णन करण्यासाठी एक लेखनपद्धती काढली. तीत एका अक्षराच्या जागी ठरलेली दोनचार अक्षरे लिहीत गेले की फांद्यांवर फांद्या फुटत जातात. बिदरीची वेल अशा नियमाने फार चांगली लिहिता येते, आणि त्यास एकच अट घालायची की रेघेची जाडी बदलणार नाही. दुसरी एक अटही कारागीर पाळतो, ती संगणकास सुचणार नाही: चांदीचा भाव. वेल किती दाट करावयाची हे गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर ठरते, आणि स्वस्त वस्तूवर मोकळे सोडलेले काळे मैदानही कारागिराने तितक्याच विचाराने सोडलेले असते.

नक्षीस हातापासून तोडून नेण्याचा उद्योग आजचा नाही. १८५१ साली लंडनमध्ये जे महाप्रदर्शन भरले त्यात हिंदुस्थानचे धातुकाम व वस्त्रे ठेवली होती. त्यातील निवडक जिनसा सरकारने विकत घेतल्या आणि त्या संग्रहातूनच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय उभे राहिले. तेथील बिदरीचा संग्रह प्रसिद्ध आहे, आणि गंमत अशी की नेसचे ‘शॉटर’ही त्याच संग्रहालयाच्या दप्तरी आहे. ओवेन जोन्सने १८५६ च्या आपल्या ‘ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ या नक्षीकोशात त्या प्रदर्शनातील हिंदी धातुकामाचे नमुने सपाट, सुबक, रंगीत करून छापले. घंगाळ नाही, हुक्का नाही, केवळ पृष्ठभाग. त्याहून उघड उदाहरण फोर्ब्स वॉटसनचे. त्याने १८६६ साली हिंदुस्थानातील कापडांचे ७०० नमुने प्रत्यक्ष कापून, १८ खंडांत चिकटवून, त्यांचे २० संच केले. त्यांतले १३ विलायतेत व ७ हिंदुस्थानात दिले. विणकर काय विणतो हे त्यास न विचारता गिरणीस कळावे, हा त्याचा सरळ हेतू होता आणि त्याने तो लपवलाही नाही. ५८५ कोटींचा संग्रह करणाऱ्यांचा हेतू तसा होता असे मी म्हणत नाही. परंतु कारागिराच्या बाजूने पाहिले तर दोन्ही व्यवहारांत दस्तूर एकच आहे: नमुना गेला, नाव गेले नाही.

ह्यावर कायद्याचा उपाय सुचवला जातो. बिदरीस २००६ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली, १९९९ च्या त्या कायद्याचा उपयोग आहेच. दुसऱ्या गावी काढलेली वस्तू बिदरी म्हणून विकण्यास त्याने अटकाव होतो. पण तो कायदा वस्तूच्या नावाचा रखवालदार आहे, रेघेचा नाही; कोणी यंत्राकडून बिदरीसारखी नक्षी काढून ती भिंतीच्या कागदावर छापली तर त्याच्या हाती काही नाही. २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात यंत्राने काढलेले एक व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला गेले व त्याच्या कोपऱ्यात चित्रकाराच्या स्वाक्षरीच्या जागी गणिताचे सूत्र होते. ज्या जुन्या चित्रकारांच्या हजारो चित्रांवर ते यंत्र शिकले त्यांचा त्या रकमेशी संबंध येण्याचे कारणच नव्हते, कारण ते केव्हाच मरण पावले होते. बिदरचे आणि कसब्याचे कारागीर हयात आहेत, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. बिदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा माणसाच्या हातून उतरलेल्या वेलींवर यंत्रास शिकवायचे असेल, तर त्यांच्याशी आधी बोलणे करावे, मोबदला ठरवावा आणि कामाखाली नाव घालावे, ह्यात अव्यवहार्य असे मला काही दिसत नाही. किंबहुना नियमाच्या मार्गाने जाणाऱ्यास कारागिराकडे जावेच लागते. छायाचित्रे वेचणाऱ्यास ती गरज भासत नाही, आणि माझा कौल पहिल्या बाजूस पडतो तो मुख्यतः ह्याच कारणाने.

आमच्या नात्यातल्या त्या मुलीने मध्यंतरी एक भांडे संगणकावर रचले. त्याचा आकारही तिने नियमानेच उपजवला होता: खाली मोठे पोट, वर लहान पोट, दोहोंमध्ये आवळलेली कंबर आणि तोंड दोन बोटे जातील एवढेच. सर्वांगावर मठाराच्या ओळी अखंड चढत गेलेल्या. पडद्यावर ते फिरताना फार सुरेख दिसत होते. काकांनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिले.

“छान आहे. पण आत दांडा कुठून घालू?”

आधाराशिवाय ठोका बसत नाही, आणि त्या तोंडातून कोणताही आधार आत जाणार नव्हता. दोन भाग आधी ठोकून मग जोडले तर, असे तिने विचारले.

“जोडता येईल. मग सांधा कमरेवर येणार, आणि तुमची ओळ तिथं तुटणार. जोडताना तिथलं तांबं मऊ पडतं, ते परत ठोकावं लागतं. म्हणून ओळी तळापासून नका मोजू. सांध्यापासून मोजा, वर आणि खाली.”

ती त्याच दिवशी घरी येऊन कामास बसली. तिचा प्रोग्रॅम आता सांध्यापासून मोजतो. वरच्या पोटावर एक ठसा अजून गिळला जात नाही, तो मानेजवळ दुसऱ्यावर चढतो. आणि भांडे घडवायचे झाले तर मजुरी काय पडेल, हे काकांनी अद्याप सांगितलेले नाही.